हॉल ऑफ फेममध्ये जागा कुणाची? ओवेन हार्ट, दारासिंग आणि राहून गेलेले बाकीचे

वारणाकाठ

दरवर्षी रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा सगळ्यात मोठा कार्यक्रम, जवळ आली की डब्ल्यूडब्ल्यूई हॉल ऑफ फेमची नावं एकेक करून जाहीर व्हायला लागतात. मी त्यात ओवेन हार्ट या कुस्तीगिराचं नाव शोधतो आणि ते नसतं. २०२५ च्या यादीत तर त्याच्या थोरल्या भावाचं, ब्रेटचं, नाव आणखी एकदा आलं. २००६ मध्ये तो एकटा, २०१९ मध्ये जिम नाइडहार्टबरोबर हार्ट फाउंडेशन म्हणून, आणि २०२५ मध्ये स्टीव्ह ऑस्टिनबरोबरच्या रेसलमेनिया १३ च्या लढतीसाठी. ब्रेट माझा सगळ्यात लाडका, त्याला तीनदा मान मिळाला याचा आनंदच आहे. पण धाकट्याचं काय?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आंद्रे द जायंट हा अवाढव्य कुस्तीगीर १९९३ च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षी हा हॉल सुरू झाला. पहिल्या वर्षी नाव एकट्या आंद्रेचं. १९९६ नंतर सगळं थंडावलं, ते २००४ पासून पुन्हा सुरू झालं. या हॉलला इमारत नाही, मतदान नाही. कंपनी ठरवेल तो आत. म्हणून तर पीट रोझसारखा बेसबॉलपटू आत आहे, डोनाल्ड ट्रम्प आत आहेत, स्नूप डॉग आत आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पाहुण्यांचा वेगळा विभागच आहे. माझा प्रश्न रिंगमध्ये हाडं मोडून घेणाऱ्यांबद्दल आहे.

माझ्या लेखी या धंद्यातला मोठा माणूस तो, जो समोरच्याला मोठं करून दाखवतो. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो हे आता शेंबडं पोरही सांगेल. निकाल ठरलेला असताना वीस हजार लोकांना श्वास रोखायला लावायचं, समोरच्याचं अंग सांभाळून त्याला आपटायचं आणि आपण हरताना त्याला मोठं करायचं, हे खरं कसब. ओवेनकडे ते ठासून होतं.

२० मार्च १९९४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, रेसलमेनिया १०. पहिलीच लढत, ब्रेट विरुद्ध ओवेन. जानेवारीत रॉयल रंबल या कार्यक्रमात ओवेनने भावाच्या दुखऱ्या पायावर लाथ घातली होती, त्यामुळे ब्रेट लंगडतच खेळतो आणि ओवेन पुन्हा पुन्हा त्याच पायावर जातो. शेवट तर शंभरदा मागे-पुढे करून बघावा असा. ब्रेट त्याच्या खांद्यावर चढून पुढे गडगडत जायला बघतो, तो डाव अर्ध्यात असतानाच ओवेन बूड टेकवून खाली बसतो, ब्रेटचे खांदे मॅटला लागतात आणि पंच तीन मोजतो. ना मागून हल्ला, ना खुर्ची, ना कुणाची मदत. थोरल्याला धाकट्याने चारीमुंड्या चीत केला. त्याच रात्री पुढे ब्रेट योकोझुनाला हरवून जगज्जेता झाला, सगळे रिंगमध्ये येऊन त्याचं कौतुक करायला लागले आणि खाली उभा राहून ओवेन नुसता बघत होता. एका शब्दाविना पुढच्या सहा महिन्यांचं कथानक तिथे उभं राहिलं.

असा माणूस या यादीत नको? तुमचं मत सांगा. आणि ओवेनशिवाय आणखी कुणाचं नाव राहून गेलंय असं वाटत असेल तर तेही कारणासकट लिहा. नुसतं 'अमका पाहिजेच' नको.

शार्पशूटर_ठाणे

पूर्ण अनुमोदन. त्या वर्षीच्या समरस्लॅम या कार्यक्रमातली पिंजऱ्यातली लढतही लिहायला हवी होती, दादा. शिकागो, ऑगस्ट १९९४. अर्धा तासाहून जास्त चालली आणि रक्ताचा एक थेंब नाही. पिंजरा म्हटला की कपाळ फोडून घ्यायचं, अशी तेव्हाची रीत. या दोघांनी नुसतं 'आता कोण सुटतो' यावर लोकांना अर्धा तास टांगून ठेवलं. लढतींना तारे देणारा कुस्ती पत्रकार डेव्ह मेल्ट्झर, त्याने तिला पाच तारे दिले होते, आणि त्या काळी अमेरिकेतल्या लढतींना तो पाच तारे सहजासहजी देत नसे.

आमच्या पिढीने ओवेनला आधी ट्रम्प कार्डांवर ओळखलं. उंची, वजन, छाती, दंड आणि रँक. त्या हिशोबात तो मार खायचा, कारण योकोझुनाच्या वजनापुढे आणि अंडरटेकरच्या उंचीपुढे त्याचं पान कुणालाच नको असायचं. मोठेपणी जुन्या लढती बघायला लागलो तेव्हा कळलं की पानावर जे छापता येत नाही तेच त्याच्याकडे होतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या विरोधात मांडली जाते, ती इथे मांडून ठेवतो. तो कधी जगज्जेता झाला नाही. इंटरकॉन्टिनेंटल हा दुय्यम पट्टा दोनदा, टॅग टीम म्हणजे जोडीचा पट्टा बरेचदा, १९९४ ची किंग ऑफ द रिंग स्पर्धा. मुख्य अजिंक्यपदाचा पट्टा नाही. आणि १९९७ च्या समरस्लॅममध्ये त्याच्याच पाइलड्रायव्हरने, म्हणजे डोकं खाली धरून आपटायच्या डावाने, ऑस्टिनची मान दुखावली, तीही अशी की ऑस्टिनची कारकीर्द त्यामुळे लवकर आटोपली.

वारणाकाठ

पट्टा हा निकष असेल तर २००९ मध्ये कोको बी. वेअर आत आला तो कशाच्या जोरावर? कोकोबद्दल मला आदर आहे, चांगला खेळाडू होता, पण त्याच्या नावावर कंपनीचा एकही मोठा पट्टा नाही. रॉडी पायपरही जगज्जेता नव्हता. जेक रॉबर्ट्सच्या नावावर तर या कंपनीचा कुठलाच पट्टा नाही, तरी २०१४ मध्ये त्याला आत घेतलं आणि ते अगदी बरोबर झालं.

ऑस्टिनच्या मानेचं म्हणाल तर तो अपघात गंभीर होता, नाकारत नाही. पण एका चुकलेल्या डावावर अख्खी कारकीर्द तोलायची नाही.

न्यूजर्सीकर

वारणाकाठ, तुमच्या मुद्द्यांशी माझं भांडण नाही. ओवेन लायक होता का, याचं उत्तर 'होता' असंच आहे. पण तुम्ही एक माणूस पूर्णपणे बाजूला ठेवलात. त्याची बायको, मार्था.

२३ मे १९९९, कॅन्सस सिटी, केम्पर अरेना. ओवेनला ब्लू ब्लेझरच्या विनोदी वेषात छतावरून दोराने खाली सोडायचं होतं. दोराचा हूक मध्येच सुटला आणि तो सुमारे ७८ फुटांवरून रिंगमध्ये पडला. वय ३४. दोन लहान मुलं. आणि कार्यक्रम थांबला नाही. ज्या रिंगमध्ये तो पडला त्याच रिंगमध्ये उरलेल्या लढती झाल्या. घरी टीव्हीवर बघणाऱ्यांना थोड्या वेळाने तो गेल्याचं सांगितलं, समोर बसलेल्या प्रेक्षकांना तेही सांगितलं नाही. मार्थाने कंपनीवर खटला भरला. २००० मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातून तिने ओवेनच्या नावाने संस्था काढली, ती आजही गरजू मुलांना शिष्यवृत्त्या देते.

तेव्हापासून तिचं म्हणणं बदललेलं नाही. ज्या कंपनीच्या कार्यक्रमात माझा नवरा गेला, त्या कंपनीच्या सोहळ्यात त्याचं नाव मिरवायचं नाही. यात मला हट्ट दिसत नाही. तिचं दुःख आहे आणि हक्कही तिचाच आहे. मग आपण कोण तिला सांगणारे?

दुसरं, ओवेन विस्मरणात गेलाय असंही नाही. २०२१ मध्ये एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीने मार्थाच्या संमतीने त्याच्या नावाची स्पर्धा जाहीर केली. २०२२ च्या मे महिन्यात लास व्हेगासला पहिल्या ओवेन हार्ट कपच्या अंतिम लढती झाल्या आणि मार्था स्वतः रिंगमध्ये येऊन बोलली, विजेत्यांना तिने मान दिला. माणसाच्या नावाने दरवर्षी नवी पोरं लढतात, याहून मोठा मान कोणता?

वारणाकाठ

मार्थाबाईंच्या दुःखाबद्दल कुणीच दुमत ठेवणार नाही, मीही नाही. तरी दोन उदाहरणं समोर ठेवतो.

ब्रूनो सॅमार्टिनो. १९६३ ते १९७१ सलग जगज्जेता, न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीचं दैवत. स्टेरॉइड आणि पडद्यावरचा बीभत्सपणा यांमुळे त्याने कंपनीशी उघड वैर धरलं आणि कित्येक वर्षं हॉलचं आमंत्रण धुडकावलं. २०१३ मध्ये तो आला. रँडी सॅव्हेजचं तसंच. घरातल्या तिघांना, म्हणजे वडील अँजेलो, भाऊ लॅनी आणि स्वतः, एकत्र घेतलं तरच येईन अशी त्याची इच्छा असल्याचं लॅनीच सांगायचा. रँडी २०११ मध्ये गेला, २०१५ मध्ये एकट्या रँडीला मान मिळाला आणि तो स्वीकारायला लॅनीच उभा राहिला. म्हणजे काळ जातो तशी माणसं थोडी मऊ होतात, कंपनीही बदलते. ब्रेटला तर मॉन्ट्रियलमध्ये १९९७ साली मालकाने भर रिंगमध्ये फसवलं होतं, तोही परत आलाच की. ओवेनला हा मान मिळावा असं ब्रेटने स्वतः जाहीरपणे म्हटलंय. भावाच्या शब्दाला काहीच किंमत नाही?

न्यूजर्सीकर

दोन्ही उदाहरणं तुमच्या विरोधात जातात. ब्रूनोने जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हटलं. मी त्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होतो. ट्रम्प यांची लोकांनी हुर्यो उडवली, आणि ब्रूनो आला तेव्हा तेच लोक उठून उभे राहिले. तो टाळ्यांचा मान त्याने पंचवीस-तीस वर्षं ताठ मानेने नाही म्हटल्यामुळे होता. कंपनीने आपल्या अटी मान्य केल्या असं त्याला वाटलं तेव्हाच तो आला. सॅव्हेजच्या बाबतीत निर्णय सख्ख्या भावाने घेतला, आणि कुटुंबातून त्याला कुणी आडवं गेलं नाही. इथे बायको जिवंत आहे, शुद्धीत आहे, आणि स्पष्ट नाही म्हणतेय. ब्रेटचं प्रेम खरंच आहे, पण नवऱ्याच्या मृत्यूनंतर दोन मुलं घेऊन कोर्टात उभी राहिली ती मार्था.

मुग्धा_आर

न्यूजर्सीकर, मनापासून सहमत. मी या धाग्यावर दुसऱ्या दोन नावांसाठी आले आहे.

पहिलं चायना, हे एका कुस्तीगीर बाईचं रिंगमधलं नाव. १९९९ च्या रॉयल रंबलमध्ये पुरुषांबरोबर उतरलेली पहिली बाई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेफ जॅरेटला हरवून तिने इंटरकॉन्टिनेंटल पट्टा घेतला, तोवर एकाही बाईकडे तो गेला नव्हता. तेव्हा बायकांच्या लढती म्हणजे दोन मिनिटांची करमणूक असायची. माझ्यासारख्या मुलींनी टीव्हीवर पहिल्यांदाच अशी बाई बघितली जिला पुरुष खेळाडू वचकून असतात, आणि पटकथेतही तिला कुणी वाचवायला येत नाही. ती २०१६ मध्ये गेली. २०१९ मध्ये तिला घेतलं, पण डी-जनरेशन एक्स या गटातली एक म्हणून. शॉन मायकल्स आधी एकटा २०११ मध्ये आत आहे, ट्रिपल एच २०२५ मध्ये एकटा आला. गटातल्या मोठ्या पुरुषांना दोन-दोन वेळा, आणि तिला गटाच्या फोटोत कडेला जागा. तिला स्वतंत्र मान मिळायला हवा, आणि तिच्या पट्ट्याची लढत दाखवूनच मिळायला हवा.

दुसरं नाव नॅन्सी. रिंगमध्ये तिला 'वूमन' म्हणत. डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीत डूम या जोडीची मॅनेजर, ईसीडब्ल्यू या आणखी एका कंपनीत सँडमनची, पुढे रिक फ्लेअरच्या फोर हॉर्समेन या गटाबरोबर. रिंगच्या कडेला उभं राहून नुसत्या नजरेने प्रेक्षकांचा राग ओढून घ्यायची. पण हॉलची चर्चा निघाली की हिच्या नावाआधी तिच्या नवऱ्याचं नाव निघतं. म्हणून मीच आधी लिहिते. ख्रिस बेन्वाने २००७ च्या जून महिन्यात नॅन्सीला आणि सात वर्षांच्या डॅनियलला ठार मारलं आणि मग स्वतः जीव दिला. इथे आता कुणीतरी येऊन 'पण बेन्वाचं तंत्र बघा' असं लिहिणार. कृपया आधी नॅन्सीच्या कामाबद्दल दोन ओळी लिहा.

मतपेटी

मुग्धाताई, बेन्वाचा वकील म्हणून लिहीत नाहीये, पण मतदानाचा मुद्दा यातूनच निघतो म्हणून लिहितो.

वारणाकाठ म्हणतात की डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉलमध्ये मतदान नाही, म्हणून अन्याय होतो. मतदान असलेला हॉल आहे. मेल्ट्झरच्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्राने १९९६ मध्ये स्वतःचा हॉल सुरू केला. आजी-माजी खेळाडू, पत्रकार, इतिहासकार मत देतात आणि आत यायला ६० टक्के मतं लागतात. निकष लिहिलेले आहेत. गर्दी खेचण्याची ताकद, रिंगमधलं कसब आणि इतिहासातलं स्थान. बेन्वा तिथे २००३ मध्ये निवडून आला होता. त्या घटनेनंतर २००८ मध्ये त्याला काढावं की नाही यावर मतदान झालं. काढा म्हणणारे निम्म्याहून जास्त निघाले, पण ६० टक्के झाले नाहीत, म्हणून तो राहिला. उलट हल्क होगनला डब्ल्यूडब्ल्यूईने २०१५ मध्ये त्याचं वर्णद्वेषी बोलणं बाहेर आल्यावर एका दिवसात यादीतून पुसलं आणि २०१८ मध्ये पुन्हा लिहिलं. एकीकडे नियमाला चिकटून राहिल्याने खुनी माणूस आत, दुसरीकडे मालकाच्या मर्जीने माणूस आत-बाहेर.

मला तरी मतदानच बरं वाटतं. निकाल चुकला तर का चुकला ते निदान मोजता येतं.

आणि वारणाकाठ, हे तुम्हाला आवडणार नाही, पण ऑब्झर्व्हरच्या निकषांवर ओवेन बसत नाही. त्याच्या नावावर तिकिटं खपली असं दाखवता येत नाही. ब्रेटच्या नावावर खपली, ऑस्टिनच्या नावावर खपली. ओवेन हा उत्तम साथ देणारा तबलजी होता, मैफल त्याच्या नावाची नव्हती.

वारणाकाठ

साथ देणाऱ्याला मान नको, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? १९९४ च्या उन्हाळ्यात ब्रेटच्या नावावर तिकिटं खपली, कारण समोर ओवेन होता. नायकाचं नाव पाटीवर लागतं, पण त्याला नायक करायला समोर तेवढ्याच ताकदीचा खलनायक लागतो. ऑब्झर्व्हरच्या तराजूत ही गोष्ट मावत नाही, हा तराजूचा दोष.

मुग्धाताई, नॅन्सीबद्दल पटलं. फ्लेअरबरोबरचं तिचं काम मी पाहिलंय.

तालमीतला

मंडळी, मी काय तुमच्यासारखा रात्र-रात्र टीव्ही बघणारा न्हाई. आमचं घराणं तांबड्या मातीतलं, खासबागेत निकाली कुस्ती बघत वाढलेलो. नुरा, म्हंजे आधी ठरवून केलेली, कुस्ती आमच्याकडं शिवी समजत्यात. पण हा धागा वाचून एक इचारावंसं वाटलं. तुमच्या या हॉलात गामा हाय का?

१९१० ला गामा लंडनला गेला. उंची कमी म्हणून स्पर्धेत घेईनात. गड्यानं उघड आव्हान दिलं, कुणीबी या. अमेरिकेचा डॉक्टर रोलर आला, त्याला आसमान दाखवलं. मग पोलंडचा झ्बिस्को. अडीच तासांवर कुस्ती चालली आणि तो गडी बहुतेक वेळ पालथा पडून मॅटला चिकटून राहिला, कारण उठला की गामा उचलणार ह्ये त्याला कळलं हुतं. कुस्ती बरोबरीत सुटली. दुसऱ्या तारखेला झ्बिस्को आलाच न्हाई, पट्टा गामाला. मग १९२८ ला पतियाळाला दोघं पुन्हा भिडले. ह्या बारीला मिनिटाच्या आत खेळ खल्लास.

आता तुम्हीच सांगा.

मतपेटी

तालमीतले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुम्हाला राग येईल. २०२५ पर्यंतच्या यादीत गामा नाही. पण २०१६ मध्ये हॉलने जुन्या लोकांसाठी 'लेगसी' नावाचा विभाग काढला, त्यात पहिल्याच वर्षी फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट आले. हे दोघे गामाच्या काळातले जगज्जेते, गामाने लंडनमधून यांनाही ललकारलं होतं आणि दोघेही त्याच्याशी लढले नाहीत. वर २०१५ मध्ये लॅरी झ्बिस्को आत आला. त्याने आपलं रिंगमधलं नाव ज्याच्यावरून घेतलं, तो तुमचा मिनिटभरात पडलेला झ्बिस्को.

तालमीतला

म्हंजे हरलेल्याच्या नावाचा माणूस आत, आणि जिंकलेला बाहेर. ह्याला काय म्हणायचं? गामाची कुस्ती निकाली हुती म्हणून बाहेर ठेवला असं कुणी सांगू नका, गॉच आणि हॅकनश्मिट बी निकालीच लढायचे.

वरळीचा_बाबू

गामाचं राहिलंच, पण निदान दारासिंग आत आहे. २०१८, लेगसी विभाग.

माझे वडील गिरणीत होते. वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगची फ्रीस्टाइल असली की आमच्या चाळीतले पुरुष पाळी बदलून घ्यायचे. किंगकाँग, म्हणजे तो एमिल झाया, अवाढव्य देहाचा, त्याला दारासिंगने डोक्यावर उचलला की वरळीपासून लालबागपर्यंत दोन दिवस दुसरा विषय नसायचा. वडिलांना लढत ठरवलेली असते की नाही याच्याशी घेणं नव्हतं. ते म्हणायचे, एवढं वजन उचललं ते तर खरं ना? १९६८ मध्ये लू थेझ मुंबईत आला, अमेरिकेचा सगळ्यात नावाजलेला जगज्जेता, आणि त्यालाही दारासिंगने हरवलं. हाच थेझ २०१६ मध्ये लेगसी विभागात आला.

मग माझी तक्रार काय? लेगसी विभाग म्हणजे सोहळ्यात काही सेकंदांची चित्रफीत, नाव आणि फोटो. कुणी भाषण करत नाही, घरच्यांना रंगमंचावर बोलावत नाहीत. एल सांतो आणि जिम लाँडोस यांच्याच तुकडीत दारासिंगचं नाव आलं, ही मंडळी मोठीच आहेत, पण तिघांनाही तेवढ्यात उरकलं. आणि २०२१ मध्ये ग्रेट खलीला मुख्य तुकडीत घेतलं. दारासिंगच्या कुस्तीच्या शेवटच्या काळात जन्मलेल्या माणसाला पूर्ण मान, आणि ज्याने या देशाला हा खेळ दाखवला त्याला ओझरता. हे मला पटत नाही.

शार्पशूटर_ठाणे

बाबूकाका, दारासिंगबद्दल शंभर टक्के. पण खलीला कमी लेखू नका. त्याच्या लढती तांत्रिकदृष्ट्या चांगल्या नव्हत्या हे मान्य, गुडघ्यांनी त्याला कधी साथ दिली नाही. पण २००६ च्या एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा येऊन अंडरटेकरसमोर उभा राहिला आणि अंडरटेकरला मान वर करून बघावं लागलं, ते आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही पोराने चुकवलं नाही. सिरमौरच्या डोंगरातल्या खेड्यातला, पंजाब पोलिसातला माणूस. २००७ च्या जुलैमध्ये वीस जणांच्या बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे सगळे एकदम रिंगमध्ये आणि शेवटी उरेल तो विजेता अशा लढतीत, शेवटी केन आणि बटिस्टाला एकदम बाहेर फेकून तो जगज्जेता झाला. त्याच्या आधी भारतातल्या कुणाकडेही तो पट्टा गेला नव्हता. मतपेटींच्या निकषाने बघा, भारतात या कंपनीची बाजारपेठ वाढवण्यात त्याचा वाटा मोठा. आणि निवृत्तीनंतर जालंधरला त्याने प्रशिक्षण केंद्र काढलं, नवी पोरं तिथून घडतायत.

मतपेटी

भारतीय नावांमध्ये माझं मत टायगर जीत सिंगला. लुधियानाजवळच्या गावातून कॅनडात गेलेला पोरगा. टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये मोठ्या लढती केल्या आणि मग जपानमध्ये जाऊन त्याने जे केलं त्याला तोड नाही. १९७३ मध्ये शिंजुकूतल्या एका मोठ्या दुकानाबाहेर, भर रस्त्यात, बायकोबरोबर खरेदीला आलेल्या अँटोनियो इनोकीवर त्याने हल्ला चढवला. लोकांनी पोलीस बोलावले. ते नाटक होतं की खरं, यावर जपानी वर्तमानपत्रं भांडत बसली. फेटा, तलवार आणि लाल डोळे, जपानी पोरं त्याच्या नावाने रडायची. त्या वैरावर इनोकीच्या नव्या कंपनीची तिकिटं धडाधड खपली. इनोकी २०१० मध्ये हॉलमध्ये आला. इनोकीला ज्याने इनोकी केलं तो बाहेर.

वारणाकाठ, बघा, हा तुमचाच मुद्दा झाला. समोरच्याला मोठं करणारा माणूस. फरक एवढाच की याच्या बाबतीत तिकिटंही मोजता येतात.

वारणाकाठ

टायगर जीत मान्य. ओवेनलाही मी त्याच कारणाने मोठा म्हणतो.

न्यूजर्सीकर, तुमच्या प्रतिसादावर विचार करत होतो. माझी भूमिका अशी आहे: मार्थाबाई नाही म्हणतायत तोवर कंपनीने परस्पर नाव जाहीर करू नये, यावर मी तुमच्याबरोबर. मालक बदलले, तेव्हाची माणसं गेली, म्हणून आता चालेल, असंही मी म्हणणार नाही. पण तो लायक होता हे आपण म्हणत राहायला हवं, कारण ज्याचं नाव कंपनीच्या चित्रफितींमध्ये येत नाही, त्याच्या लढती नवीन पोरं शोधून बघत नाहीत. माझा पुतण्या रोमन रेन्सची प्रत्येक लढत सांगतो, त्याला ओवेन कोण ते माहीत नव्हतं. म्हणून हा धागा काढला.

आता प्रत्येकाने एकच नाव द्या. माझं कोणतं ते सगळ्यांना माहीत आहे.

न्यूजर्सीकर

ठीक आहे. मान कंपनीचा नसला तरी आपला असू शकतो. माझंही नाव ओवेन, मार्था हो म्हणेल त्या दिवशी.

मुग्धा_आर

चायना. एकटी.

आणि नॅन्सीबद्दल दोन ओळी लिहा म्हटलं होतं, त्या एकट्या वारणाकाठांनी लिहिल्या. बाकीच्यांची वाट बघते आहे.

मतपेटी

टायगर जीत सिंग. मुग्धाताई, नॅन्सीचं ईसीडब्ल्यूमधलं काम पुन्हा बघून सविस्तर लिहितो. १९९४-९५ मध्ये सँडमनला लोकांनी उचलून धरलं, त्यात तिचा वाटा किती होता हे लिहिण्यासारखं आहे.

वरळीचा_बाबू

दारासिंग, मुख्य तुकडीत, घरच्यांना रंगमंचावर बोलावून.

तालमीतला

गामा. आणि वारणाकाठ, त्या दोन भावांची कुस्ती कुठं बघायला मिळंल ते सांगा. धाकट्यानं थोरल्याला खाली बसून पाडला म्हणताय, तो डाव बघायचा हाय.

वारणाकाठ

रेसलमेनिया १०, पहिलीच लढत. सुरुवातीचा भाग घाईने पुढे ढकलू नका. पहिल्या काही मिनिटांत दोघे नुसती मनगटं आणि कोपर धरून फिरतात, तुमच्या डोळ्याला त्यातलं आमच्यापेक्षा जास्त कळेल. ती बघून झाली की १९९७ ची बर्लिनची बघा, ओवेन विरुद्ध डेव्ही बॉय स्मिथ, युरोपियन पट्ट्याची अंतिम लढत. बघून इथे लिहा. दोघांच्या पकडीत खोट कुठे दिसते ते तालमीतल्या माणसाकडून ऐकायचं आहे.